तीन यंत्रांची जॉइंट नोट

आप्पा चहासुद्धा सरळ मागवत नसत. कँटीनला फोन लावायचे आणि म्हणायचे, "दोन कप. एक बिनसाखरेचा. सर्व्हर रूममधी. आता परत म्हणा." पलीकडून कँटीनचे हुसेनभाई निमूट म्हणायचे, "दोन कप, एक बिनसाखरेचा, सर्व्हर रूम." "नंबर द्या." मग हुसेनभाई तोंडाला येईल तो दोन आकडी नंबर द्यायचे, आप्पा तो वहीत लिहायचे, पुढं वेळ टाकायचे आणि मगच फोन खाली ठेवायचे. रेल्वेत एका स्टेशनावरून दुसऱ्या स्टेशनाकडे गाडी सोडताना असा नंबर घ्यायचा-द्यायचा रिवाज आहे. उद्या काही झालं तर 'मी असं म्हणालोच नव्हतो' म्हणायला कुणाला जागा राहत नाही. गाडीसाठी ते ठीकच आहे. चहासाठी कशाला, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "साखर माझ्या पोटात जाणार हाय ताई, हुसेनभाईंच्या न्हाई."

आप्पा दौंडचे. रेल्वे कॉलनीतच वाढले, सिग्नल खात्यात लागले आणि इन्स्पेक्टर होऊन निवृत्त झाले. घरी बसवेना म्हणून शिरूरजवळच्या आमच्या कारखान्यात कंत्राटावर टेलिफोनच्या वायरी सांभाळायला आले. रोज सकाळी दौंडहून न्हावऱ्यामार्गे एसटीनं यायचे, संध्याकाळी तसेच जायचे. दोन हजार साल उलटून दोन-तीन वर्षं झाली होती. कारखान्यात कॉम्प्युटर वाढले, ते एकमेकांना जोडायची टूम निघाली, तेव्हा कुणा विद्वानानं ठरवलं की वायर ती वायर, टेलिफोनची काय आणि कॉम्प्युटरची काय. अशा रीतीनं साठी उलटलेल्या या माणसाच्या गळ्यात साठ कॉम्प्युटरांचं नेटवर्क पडलं. दुसरा कुणी असता तर हात वर करून मोकळा झाला असता. आप्पांनी एक शंभर पानी वही आणली आणि पहिल्या पानावर मथळा घातला, 'मला काय काय येत नाही.' ती यादी चार पानं झाली. मी तिथं ट्रेनी म्हणून लागले तेव्हा त्यातलं दीड पान खोडून झालं होतं. बाकीचं त्यांनी माझ्या मानगुटीवर बसून खोडून घेतलं.

मी कवठे येमाईची. वडील शाळेत शिपाई. पुण्यात मावशीकडे राहून मी कॉम्प्युटरचा डिप्लोमा केला आणि ही नोकरी मिळवली. आमच्या वस्तीतल्या बुद्धविहाराच्या फळ्यावर एरवी वंदनेची वेळ नाहीतर सभेची सूचना असते. त्या आठवड्यात तिथं कुणीतरी खडूनं माझं नाव लिहिलं होतं आणि पुढं 'कॉम्प्युटर इंजिनिअर'. मी काही इंजिनिअर नव्हते, सहा महिन्यांच्या प्रोबेशनवरची ट्रेनी होते, पण फळ्याला कोण सांगणार! सहा महिने भरले की कायम केल्याचं पत्र मिळायचं होतं. वडिलांनी त्या पत्रासाठी भिंतीवरची जागासुद्धा ठरवून ठेवली होती, बाबासाहेबांच्या तसबिरीच्या जरा खाली, डाव्या अंगाला. खिळाही ठोकून झाला होता.

आप्पांना एकच प्रश्न तिघांना विचारायची खोड होती. शिरूरच्या स्टँडवर न्हावऱ्याची गाडी कधी, हे ते आधी खिडकीतल्या कंट्रोलरला विचारत, मग शेंगदाणेवाल्याला, मग पिशवी धरून बसलेल्या एखाद्या म्हातारीला. तिघांची उत्तरं वहीत तीन उभ्या रकान्यांत. म्हातारीचं बहुतेक वेळा बरोबर निघे. आम्ही हसायचो, पण त्यांना त्याचं काही वाटत नसे. "एकाचं ऐकलं तर ती गोष्ट," ते म्हणायचे, "दोघांचं ऐकलं तर ते भांडण. तिघांचं ऐकलं तर चौकशी."

एकदा त्यांना घेरी आली. मुलानं डॉक्टरकडे नेलं. आप्पा त्या एकाच दिवसात दौंडातल्या तीन डॉक्टरांकडे जाऊन तीन वेळा बीपी मोजून आले, आणि प्रत्येक आकड्यापुढं दवाखाना कितव्या मजल्यावर आहे आणि जिना चढून किती मिनिटं झाली होती तेही लिहून आणलं. तिसऱ्या डॉक्टरानं वही बघून विचारलं म्हणे, "आप्पा, तुम्हाला बरं व्हायचंय का माझी चौकशी करायचीय?" आप्पा म्हणाले, "दोनी." आणि खरी गंमत अशी की तीन आकडे तीन तऱ्हेचे होते, पण जिन्याचा हिशेब धरला तर तिन्हींचा मेळ बसत होता. आप्पांनी तो बसवून दाखवल्यावर डॉक्टरानं त्यांना उठून खुर्ची दिली, असं आप्पाच सांगायचे. खुर्चीबद्दल मला शंका आहे.

हे सगळं त्यांच्या अंगात कुठून आलं ते त्यांनी मला फक्त एकदा सांगितलं. रेल्वेत काही अपघात झाला की रुळाचा, डब्यांचा, सिग्नलचा, वाहतुकीचा असे सगळ्या खात्यांचे इन्स्पेक्टर जागेवर जमतात, प्रत्येक जण आपापल्या टेपनं मोजतो आणि सगळ्यांनी मिळून एकाच कागदावर लिहायचं असतं. त्याला जॉइंट नोट म्हणतात. ज्याचं मत वेगळं त्यानं त्याच कागदावर डिसेंट लिहायचा, म्हणजे 'मला हे मान्य नाही, कारण अमुक.' आप्पा तरुण असताना एका लहानशा स्टेशनात दोन डबे घसरले. स्टेशनाचं नाव त्यांनी सांगितलं नाही. पावसाचा चिखल होता, नोट तयार होती, बाकीच्यांच्या सह्या झाल्या होत्या. आप्पांनी सांध्यापर्यंत, म्हणजे रूळ बदलायच्या जागेपर्यंत, चालत न जाताच सही ठोकली. ठपका एका सांधेवाल्यावर आला आणि त्याची नोकरी गेली. पुढं सहा महिन्यांनी आप्पा दुसऱ्याच कामासाठी तिथं गेले, सांधा उघडून पाहिला, तर दोष सांधेवाल्याचा नव्हताच. "मी त्याच्या गावाला गेलो," आप्पा म्हणाले, "तवा त्यो तिथं ऱ्हायला न्हवता. कुठं गेला कुणालाच ठाव न्हाई." एवढं बोलून ते वायर सोलत बसले.

आता आमच्या साठ कॉम्प्युटरांविषयी. त्यांच्यावर नजर ठेवायला तीन प्रोग्रॅम होते आणि तिघांची तोंडं तीन दिशांना. पहिला प्रत्येक कॉम्प्युटरच्या दारंखिडक्या ठोठावून कुठलं दार उघडं राहिलंय ते सांगायचा. तो कॉम्प्युटरला पत्त्याच्या आकड्यानं ओळखायचा. दुसरा मी इंटरनेटवरून फुकट उतरवून घेतलेला पहारेकरी. तो वायरवरून काय येतं-जातं ते बघत बसायचा आणि काही वेडंवाकडं दिसलं की ओरडायचा. त्याला पत्ताही कळायचा आणि कार्डाचा नंबरही. कार्डाचा नंबर म्हणजे कॉम्प्युटरमध्ये जन्मतःच कोरलेला लांबलचक आकडा, तो काही केल्या बदलत नाही. तिसरा व्हायरस मारणारा. तो दर तासाला प्रत्येकाला नावानं हाक मारून 'बरा आहेस ना' विचारायचा. एकाच माणसाला शाळेत हजेरीच्या नंबरानं, रेशनकार्डावर पूर्ण नावानं आणि गल्लीत टोपणनावानं ओळखावं, तसली ही तऱ्हा. तिघांचे कागद शेजारी ठेवले तरी कुठली ओळ कुठल्या ओळीशी जुळते ते ब्रह्मदेवालाही कळलं नसतं.

आप्पांना ते बघवायचं नाही. "तीन इन्स्पेक्टर आन् तीन नोटा? ह्यो कुठला कायदा?" असं पुटपुटत ते हिरव्या पट्ट्यांच्या कागदावर रकाने आखत बसायचे. एक जादा रकाना ते नेहमी ठेवायचे, त्यावर लिहिलेलं असे, 'कुठं उभा होता.' म्हणजे प्रोग्रॅम कुठल्या मशीनवर होता, कधी चालवला, त्याला काय दिसणं शक्यच नव्हतं. "यंत्र खोटं बोलत न्हाई ताई, पर त्याला फकस्त समोरचंच दिसतं. त्याच्या पाठीमागं काय हाय ते दुसऱ्याला इचारायचं." आजही माझ्या ऑफिसात हे सगळं एका पडद्यावर आपोआप गोळा होतं, रंगीत आलेख निघतात, पण तो रकाना त्यात नसतो. मी तो हातानं घालते आणि माझ्याकडची पोरं मला हसतात.

तर एका मंगळवारी हेड ऑफिसनं पुण्याहून दोन ऑडिटर पाठवले. नेटवर्क सुरक्षित आहे की नाही ते बघायला. टाय लावलेले, दोघांत मिळून एक लॅपटॉप. आमच्याकडं लॅपटॉप तेव्हा जनरल मॅनेजरांकडंही नव्हता. ते कॉन्फरन्स रूममध्ये बसले. दुपारी बारा वाजून गेल्यावर आमचा मुख्य सर्व्हर पडला. सर्व्हर पडला म्हणजे नुसता कॉम्प्युटर बंद पडला असं नाही. मशीन शॉपमधल्या बावीस सीएनसी मशीनांना कुठला भाग कसा कापायचा ते सर्व्हरच सांगायचा. बावीसच्या बावीस उभी राहिली. मी धावत जाऊन चाळीस मिनिटांत सर्व्हर उठवला, घाम पुसला आणि मनात म्हटलं, चला, आता तरी लोक आपल्याला ओळखतील.

ओळखलं, पण वेगळंच. माझ्याच पहारेकऱ्यानं ओरडून ठेवलं होतं: बारा वाजून पाच मिनिटांनी पत्ता सदतीसवरून सर्व्हरवर हल्ला. ऑडिटरांनी त्याचा कागद छापून घेतला. बुधवारी त्यांनी आपल्या लॅपटॉपवरून स्वतःचा दारं ठोठावणारा प्रोग्रॅम चालवून सगळ्या पत्त्यांची यादी केली. सदतीस निघाला माझ्या टेबलावरचा कॉम्प्युटर. ऑडिटर म्हणाले, आम्ही तर मंगळवारी बारा वीसला तपासणी सुरू केली, हल्ला त्याच्या आधीचा आहे. आणि मी सर्व्हर इतक्या चटकन उठवला हेसुद्धा माझ्याच विरुद्ध गेलं. जिला उठवता येतं तिला पाडताही येत असणार.

पर्सोनेलच्या साहेबांनी मला बोलावून सस्पेंड केल्याचं पत्र हातात दिलं. शनिवारी चौकशी. तोवर रोज यायचं, पण कँटीनमध्ये बसायचं, कुठल्या कॉम्प्युटरला हात लावायचा नाही. माझं मशीन उचलून त्यांनी आपल्या कपाटात ठेवलं आणि कुलूप घातलं. मग मान हलवत म्हणाले, "संधी दिली की असं होतं बघा." कुणाला संधी दिली ते बोलले नाहीत. पण ते पत्रावरच्या माझ्या आडनावाकडं बघून बोलले आणि मला ते कळलं. मला त्या वेळी इतका संताप आला की रडूही फुटलं नाही. घरी मी कुणाला काही सांगितलं नाही. रोज डबा घेऊन निघताना त्या खिळ्याकडं बघायचं टाळत होते.

गुरुवारी सकाळी आप्पा कँटीनमध्ये येऊन माझ्यासमोर बसले. मला वाटलं धीर देतील. त्यांनी वही उघडली.

"मंगळवारी दुपारी बारा ते एक. तुम्ही कुठं व्हता?"

"आप्पा, तुम्हीपण?"

"मी सगळ्यांनाच इचारतोय. कुठं व्हता?"

"सर्व्हर पडेपर्यंत माझ्या टेबलावर."

"कोन व्हतं संगं?"

"कुणीच नाही."

त्यांनी ते तसंच लिहून घेतलं. मला त्यांचा मनस्वी राग आला. मग म्हणाले, "बरं. ह्यो सदतीस नंबर तुमच्या मशीनला कुणी दिला?"

"सर्व्हर देतो. सकाळी मशीन चालू केलं की जो रिकामा असेल तो."

"म्हंजी एसटीतल्या सीटवानी."

"हो. एकदा दिला की सहसा तोच राहतो, पण—" आणि मी थांबले. सर्व्हर मंगळवारी पडला होता. मी तो जुन्या कॉपीवरून उठवला होता. कुणाला कुठला पत्ता दिला होता ती यादी त्यात पुसली गेली होती. म्हणजे बुधवारी सकाळी सगळ्यांना नव्यानं सीटा वाटल्या गेल्या. बुधवारचा सदतीस मी होते. मंगळवारचा सदतीस कोण होतं हे कुणीच पाहिलं नव्हतं. मी हे इतक्या घाईनं सांगितलं की आप्पांनी हात वर करून मला थांबवलं आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं.

"मंग पत्त्यावर इसंबून उपयोग न्हाई," ते म्हणाले. "न बदलणारं काय?"

"कार्डाचा नंबर. पहारेकऱ्याच्या नोंदीत तो असतो, पण खूप उजवीकडं. ऑडिटरांनी छापला तेव्हा कागदाची रुंदी पुरली नसणार, तो भाग कापला गेला असेल."

त्यांनी वहीतून त्या कागदाची झेरॉक्स काढून बघितली. उजव्या कडेला ओळी खरंच अर्ध्यावर तुटल्या होत्या. आप्पांच्या तोंडावर मी प्रथमच चीड पाहिली. "अर्ध्या कागदावर मानसाची नोकरी घेत्यात," ते म्हणाले. मी त्यांना चिठ्ठीवर एक ओळ लिहून दिली. ती कुठल्याही मशीनवर टाइप केली की मशीन आपला पत्ता, नाव आणि कार्डाचा नंबर तिन्ही सांगतं.

मग दोन दिवस आप्पा पायी फिरले. साठ मशीनं, साठ टेबलं. प्रत्येक ठिकाणी एका बोटानं ती ओळ टाइप करायची, तिन्ही आकडे लिहायचे, ज्याचं टेबल त्याची सही घ्यायची. वजनकाट्याच्या केबिनमध्ये गेले, गोडाऊनच्या माळ्यावर शिडी लावून चढले. जनरल मॅनेजर मीटिंगमध्ये होते तर दाराबाहेर स्टूल टाकून बसले. पर्सोनेलच्या साहेबांना कपाट उघडायला लावून माझं मशीन जागेवर जोडायला लावलं, लिहून घेतलं आणि परत कुलूप घालून घेतलं. साहेब वैतागले, "आप्पा, यादी आहे की ऑडिटरांची. परत कशाला?" आप्पा म्हणाले, "ती यादी बसून केलेली हाय."

शुक्रवारी दुपारी ते कँटीनच्या दोन टेबलांवर कागद पसरून बसले. पहारेकऱ्याची मंगळवारची नोंद त्यांनी रुंद कागदावर, उजव्या कडेसकट, पुन्हा छापून आणली होती. मी नुसती बघत होते, हात लावायची बंदी होती ना! दुतोंडी पेन्सिलीच्या निळ्या टोकानं ते ओळी जुळवत गेले. साठ मशीनं, तिघांनीही पाहिलेली. साठ ओळी निळ्या झाल्या. आणि एक ओळ उरली. मंगळवारी पहारेकऱ्यानं एकसष्ट कार्डं पाहिली होती. एकसष्टावं कार्ड मंगळवारी सदतीस या पत्त्यावर होतं. ऑडिटरांच्या दारं ठोठावणाऱ्याच्या यादीत ते नव्हतं, नावानं हाका मारणाऱ्याला ते ठाऊक नव्हतं आणि साठ टेबलांपैकी कुठल्याच टेबलावर ते नव्हतं. आप्पांनी पेन्सिल उलटी करून त्याखाली लाल रेघ मारली.

"ह्यो डिसेंट," ते म्हणाले. "आता सांगा, ठोठावनारा सगळ्यांची दारं ठोठावतो. कुनाचं दार ठोठावत न्हाई?"

मग मला ते लख्ख कळलं. "स्वतःचं."

पण वेळेची अडचण उरली होती. हल्ला बारा पाचला, ऑडिटरांचं काम बारा वीसला. आप्पांनी घड्याळाकडं बघितलं, चार वाजायला आले होते. रेल्वेत रोज दुपारी चार वाजता कंट्रोलवरून सगळ्या स्टेशनांना वेळ सांगतात आणि सगळे आपापली घड्याळं लावतात. आप्पांनी सर्व्हर रूममधून दौंडला कुणा जुन्या सोबत्याला फोन लावला, तो चालू ठेवला, आणि त्यानं चार म्हणताच सर्व्हरचं घड्याळ काय दाखवतंय ते लिहून घेतलं. तीन वाजून त्रेचाळीस. सर्व्हर सतरा मिनिटं मागं होता. तो असा किती महिने मागं होता आणि कुणाचं लक्ष नव्हतं, त्याची लाज मला आजही वाटते, कारण ते काम माझं होतं. पहारेकरी वेळ घ्यायचा ती सर्व्हरच्याच घड्याळाची, म्हणजे त्याचे बारा पाच हे खरे बारा बावीस. ऑडिटरांनी काम सुरू केल्यावर दोन मिनिटांनी.

शनिवारी चौकशीला जनरल मॅनेजर, पर्सोनेलचे साहेब, दोघं ऑडिटर, मी आणि आप्पा. कॉन्फरन्स रूम वरच्या मजल्यावर, एका बाजूला सगळी काच, खाली मशीन शॉप दिसायचं. प्रत्येक मशीनच्या डोक्यावर तीन रंगांचा दिवा. काम चालू असलं की हिरवा, अडलं की लाल. त्या वेळी बावीस हिरवे दिवे लागलेले होते.

आप्पांनी आपला हिरव्या पट्ट्यांचा कागद टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरला आणि सांगायला लागले. सांगून झाल्यावर चष्मेवाल्या ऑडिटरला म्हणाले, "साहेब, तुमचा लॅपटॉप जरा पालथा करा." त्यानं केला. कार्डाचा नंबर चिकटवलेल्या पट्टीवर होता. आप्पांनी तो मोठ्यानं वाचला आणि जनरल मॅनेजरांनी कागदावरच्या लाल ओळीशी बोट लावून ताडून पाहिला. एकेक आकडा जुळत गेला.

ऑडिटर गोरामोरा झाला, पण हुशार होता. "ठीक आहे, सदतीस आम्ही होतो," तो म्हणाला. "पण आमचा प्रोग्रॅम फक्त तपासतो. त्यानं सर्व्हर पडूच शकत नाही. पहारेकऱ्याला आमची तपासणी हल्ला वाटली असेल. सर्व्हर दुसऱ्याच कुणीतरी पाडला." आणि त्यानं माझ्याकडं पाहिलं.

"मंग परत लावा," आप्पा म्हणाले.

"म्हणजे?"

"मंगळवारी जसं लावलं व्हतं तसंच. आत्ता. समद्यांच्या म्होरं."

जनरल मॅनेजर म्हणाले, "आप्पा, चालू शिफ्ट आहे. मशीनं उभी राहिली तर?"

"उभी ऱ्हायली तर ही पोरगी मोकळी झाली. न्हाई ऱ्हायली तर मी सोमवारपासून दौंडहून येत न्हाई." ते शांतपणे बोलत होते. "साहेब, मागं एकदा मी जागेवर न जाता सही केली हाय. परत करनार न्हाई."

जनरल मॅनेजरांनी मान हलवली. ऑडिटरनं वायर जोडली, प्रोग्रॅम उघडला आणि एका चौकटीवरची खूण हळूच काढायला गेला. आप्पा त्याच्या खांद्यावरून बघत होते. "ती कसली खूण?"

"सगळ्या तपासण्या. म्हणजे... धोक्याच्या धरून."

"मंगळवारी व्हती?"

त्यानं माउसवरून बोट उचललं. मग म्हणाला, "होती."

"असू द्या मंग."

मी दोन्ही हात टेबलावर पसरून बसले होते. माझं मशीन कपाटात होतं आणि कपाटाची किल्ली पर्सोनेलच्या साहेबांच्या खिशात. ऑडिटरनं बटण दाबलं. एक मिनिट गेलं. दुसरं गेलं. काही झालं नाही. आप्पा काचेशी जाऊन उभे राहिले.

आणि खाली तिसऱ्या रांगेतला एक दिवा लाल झाला. मग त्याच्या शेजारचा. मग समोरच्या रांगेतले दोन. एकेक मशीन हातातला भाग पुरा करून थांबत गेलं आणि हिरवे दिवे विझत लाल होत गेले. अख्खं शॉप गप्प झालं. इंटरकॉम खणखणला आणि मशीन शॉपचे सुपरवायझर सगळ्या खोलीला ऐकू येईल असं ओरडले, "परत पडलं की ओ! ह्या टायमाला कुनी पाडलं?"

हुसेनभाई चहाचा ट्रे घेऊन दारात उभे होते, ते मोठ्यानं हसले आणि मलाही हसू आवरेना. जनरल मॅनेजर उठले, दार उघडून धरलं आणि म्हणाले, "चला, सर्व्हर उठवा." मी खाली गेले. मशीन शॉपमधून जाताना दोन्ही बाजूंनी माणसं बघत होती, आणि मी मान वर करून चालले. या खेपेला पंचवीस मिनिटांत उठवला. परत येताना दिवे एकेक करून हिरवे होत होते आणि सुपरवायझरांनी दोन बोटं तोंडात घालून शिटी मारली.

वर आले तर आप्पा कोऱ्या कागदावर जॉइंट नोट लिहून तयार. मंगळवारी काय झालं, शनिवारी काय झालं, कुठलं यंत्र कुठं उभं होतं, कुणाला काय दिसलं. कुणाची चूक हे एका शब्दानंही लिहिलेलं नव्हतं. त्यांनी पेन माझ्यापुढं केलं. "पयली सही तुमची. नाव ल्ह्या, म्होरं पद ल्ह्या."

"पद काय लिहू?" मी म्हणाले. माझा आवाज चढला होता आणि तो मी खाली आणला नाही. "ट्रेनी होते, तीही सस्पेंड केलेली. काय लिहू सांगा."

आप्पांनी जनरल मॅनेजरांकडं पाहिलं. जनरल मॅनेजरांनी पर्सोनेलच्या साहेबांकडं हात पुढं केला, माझ्या सस्पेंडच्या पत्राची फाइलमधली प्रत घेतली, चार तुकडे करून टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "सिस्टीम ऑफिसर लिहा. कायम."

मी लिहिलं. नाव, आडनाव, सिस्टीम ऑफिसर. एकही अक्षर तोडलं नाही. माझ्याखाली आप्पांनी सही केली, मग दोघा ऑडिटरांनी, मग जनरल मॅनेजरांनी. पर्सोनेलच्या साहेबांची पाळी येईपर्यंत कागदावर जागा उरली नाही, त्यांना सही समासात आडवी करावी लागली.